आगगाडीला जर्मन भाषेत ‘चूक’ म्हणतात

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

सुरुवातीलाच कबूल करते. मी युरोप पाहिलेला नाही. परतवाडा ते अमरावती एसटीने आणि परतवाडा ते चिखलदरा बाबांच्या स्कूटरवर, एवढाच माझा आजवरचा प्रवास. चिखलदऱ्याला इंग्रजांनी लावलेली कॉफी आहे आणि त्यांनी बांधलेले बंगले आहेत, पण त्याला काही कोणी युरोपदर्शन म्हणणार नाही!

तरीही मेसमधून आल्यावर रोज रात्री तासभर मी जर्मन शिकते. मोबाईलवर क्लास असतो, मॅडम पुण्याहून शिकवतात. होस्टेलमध्ये सगळ्यांना माहीत आहे की हे एमएससाठी चाललंय. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, म्हणून आमच्यासारख्यांना जर्मनी सुचते. मात्र व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे पैसे आधीच बँकेत अडकवून दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ मध्ये ती रक्कम ११,९०४ युरो झाली. हा आकडा मी बाबांना अजून सांगितलेला नाही. म्हणून निदान भाषेत तरी नापास व्हायचं नाही असं ठरवलं, आणि त्या आठ महिन्यांत जे कळलं ते इथे लिहिते. कोणाला उपयोग झाला तर बरंच.

सुरुवातीला मी फार खुशीत होते. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी बोललं की दोन रुपये दंड असायचा, त्यामुळे इंग्रजी पक्कं झालं आणि मराठी कच्चं राहिलं. इंग्रजी आणि जर्मन एकाच घरातल्या बहिणी, म्हणजे आपलं अर्धं काम झालेलंच आहे, असं वाटलं. पहिल्या महिन्यातच हा भ्रम उतरला. इंग्रजीतून विचार करून जर्मन लिहिलं की मॅडमची लाल रेघ ठरलेली. आणि जिथे मी अडले, तिथून मला बाहेर काढलं ते माझ्या आजीने. आजी सातवी शिकलेली आहे. शुद्ध वऱ्हाडी बोलते आणि जर्मनी नकाशात कुठे आहे हे तिला माहीत नाही.

दिवाळीत घरी गेले होते. ओसरीवर बसून शब्द पाठ करत होते. आगगाडीला जर्मनमध्ये ‘डेर त्सूक’ म्हणतात. शेवटी ‘ग’ लिहितात पण उच्चार ‘क’ होतो. मी आपली “ज़ूक, ज़ूक” करत होते, कारण इंग्रजीत झेड म्हणजे ‘ज़’. मोबाईलमधला माणूस काही वेगळंच म्हणत होता. आजी गहू निवडत होती, ती म्हणाली,

“चूक म्हणून राह्यला व तो. कोणाची चूक झाली?”

मी परत ऐकलं. खरंच तो ‘चूक’ म्हणत होता! जर्मनमधला झेड म्हणजे आपल्या चुलीतला च. आपल्याकडे च दोन आहेत, एक चहाचा आणि एक चुलीचा. लिहिताना अक्षर एकच, पण बोलताना कोणी गोंधळत नाही. हिंदीला हा दुसरा च नाही, इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला तो सापडणं कठीण. साखरेला जर्मन लोक ‘त्सुकर’ म्हणतात, वेळेला ‘त्साइट’, दोनला ‘त्स्वाय’. सगळीकडे आजीचा च चालतो. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मॅडमनी पहिल्यांदाच शाबासकी दिली. ती कोणाची होती हे मी त्यांना सांगितलं नाही.

मग मी उलट्या बाजूने शिकायचं ठरवलं. जर्मन वाक्य आलं की आधी मराठीत करून बघायचं.

पहिली गोष्ट लिंगांची. जर्मनमध्ये प्रत्येक नामाला डेर, डी किंवा डास लागतं, म्हणजे तो, ती किंवा ते. इंग्रजीवाल्यांना हे भयंकर वाटतं. अमेरिकन लेखक मार्क ट्वेनने १८८० साली जर्मन भाषेच्या नावाने बोटं मोडणारा एक लांबलचक विनोदी लेखच लिहिला. त्यातली एक तक्रार अशी, की या भाषेत सलगमाला स्त्रीलिंग आहे आणि मुलीला मात्र नाही. मुलगी म्हणजे ‘डास मेडशेन’, नपुंसकलिंगी. आता आपण वऱ्हाडातली माणसं याला हसू का? आपल्याकडे पोट्टा, पोट्टी आणि पोट्टं, तिन्ही आहेत. मालवणीत तर मुलीला ‘चेडू’ म्हणतात आणि ते नपुंसकलिंगीच. जर्मनमध्ये शब्दाला ‘शेन’ लागून तो लहानुला झाला की लगेच नपुंसक होतो, मग ती मुलगी का असेना. लेकरू, पिल्लू, कोकरू म्हणताना आपण वेगळं काय करतो?

हिंदीत नपुंसकलिंग उरलं नाही, मराठीत आहे. त्यामुळे तीन खणांचा हा कप्पा आपल्या डोक्यात आधीपासून असतो. घर, पुस्तक, पाणी, मूल हे शब्द दोन्हीकडे ‘ते’ आहेत. मेकॅनिकलवाल्यांनो, लोखंड, तांबं आणि सोनंही दोन्हीकडे ‘ते’च. तिकीटसुद्धा! पण म्हणून सरळ मराठी लिंग ठोकून द्याल तर फसाल. दूध त्यांच्याकडे ‘ती’, सूर्य ‘ती’, आणि बस चक्क ‘तो’. ते पाठच करावं लागतं. फरक इतकाच, की “खुर्चीला कशाला लिंग हवं?” हा प्रश्न मराठी माणसाला पडत नाही. निम्मा त्रास तिथेच वाचतो.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. इंग्रजीत थंडी वाजली की आपण म्हणतो ‘आय अ‍ॅम कोल्ड’. ते मी शब्दाला शब्द ठेवून जर्मनमध्ये म्हटलं, तर मॅडम हसल्या. त्याचा अर्थ मी थंड स्वभावाची, कोरडी बाई आहे असा निघतो. बरोबर वाक्य आहे ‘मिर इस्ट काल्ट’. ‘मिर’ म्हणजे ‘मला’. मला थंडी वाजते! आजीच्या भाषेत ‘मले’. तसंच ‘डास बूख गेफेल्ट मिर’ म्हणजे ‘ते पुस्तक मला आवडतं’. इंग्रजीत आवडण्याचं काम ‘मी’ करते, जर्मनमध्ये आणि मराठीत ते पुस्तक करतं आणि मी बाजूला बसून असते. पदार्थ आवडला तर ‘एस श्मेक्ट मिर’. याला इंग्रजीत नीट शब्द सापडत नाही. मराठीत सापडतो, ‘मला छान लागतं’. शाळेत चतुर्थी विभक्तीची आम्ही किती थट्टा करायचो. स, ला, ते हे प्रत्यय पोपटासारखे घोकले आणि विसरलो. आता परदेशी भाषेसाठी ते पुन्हा उघडायची वेळ आली.

वाक्याची रचनाही अशीच. ‘मी काल अमरावतीत संत्री विकत घेतली’ यात क्रियापद शेवटी येतं. जर्मन भूतकाळाच्या वाक्यात सुरुवातीला एक सहायक क्रियापद डोकावतं, पण मुख्य क्रियापद काल, अमरावती, संत्री हे सगळं झाल्यावर अगदी शेवटी येतं. ‘कारण’ लावून पोटवाक्य केलं की पूर्ण क्रियापदच शेवटी जाऊन बसतं. इंग्रजी डोक्याला हे सर्कशीसारखं वाटतं. आपल्याला फक्त शेवटपर्यंत धीर धरावा लागतो, आणि मराठीत तो आपण रोजच धरतो.

सगळं जुळतं असं मात्र समजू नका. साध्या वाक्यात जर्मन क्रियापद दुसऱ्या जागेवर हट्टाने बसतं, तिथे मराठीचा उपयोग नाही. आपण नामाचं सामान्यरूप करतो, घोडा म्हणजे घोड्याला. ते लोक बहुतेक वेळा नाम तसंच ठेवून त्याच्या पुढचं ‘डेर’ बदलून ‘डेम’ नाही तर ‘डेन’ करतात, आणि त्याचा तक्ता मला अजून येत नाही. (आमच्या बॅचमधल्या कोणाला येतो तेही सांगा!)

आता एक फजिती. क्लासतर्फे मला लाइपझिगची एक मुलगी मैत्रीण म्हणून मिळाली. तिथे याला तांडेम म्हणतात, म्हणजे दोघांची सायकल. तिने मला जर्मन शिकवायचं आणि मी तिला मराठी. तिने पहिली वेळ दिली ‘हाल्ब आख्ट’, भारतीय घड्याळाप्रमाणे. हाल्ब म्हणजे अर्धा, आख्ट म्हणजे आठ. इंग्लंडमध्ये ‘हाफ एट’ म्हणजे साडेआठ, हे आम्हाला शाळेतच शिकवलं होतं. मी नवीन कुर्ता घालून बरोबर साडेआठला हजर. तिचा निरोप आठ वाजताच येऊन पडला होता. अर्धा तास थांबले, आता जाते, आशा आहे की सगळं ठीक आहे. जर्मनमध्ये ‘हाल्ब आख्ट’ म्हणजे साडेसात. सात पूर्ण झाले, आठवा तास अर्धा झाला!

मला फार लाज वाटली. पहिल्याच भेटीला तासभर उशीर, तोही जर्मन माणसाशी. घरी फोनवर सांगितलं तर आजी म्हणाली, “त्यात काय हाये, आमचं औट तसंच असे.” औट म्हणजे काय हे मला विचारावं लागलं. तिच्या वडिलांनी तिच्याकडून पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे पाढे म्हणून घेतले होते. औट म्हणजे साडेतीन. फोनवरच तिने एक औट साडेतीन, बे औटे सात असं म्हणून दाखवलं.

मी ग्रंथालयात जाऊन व्युत्पत्तिकोश काढला. अडीच हा शब्द संस्कृत ‘अर्धतृतीय’ यावरून आला. तिसरा अर्धा, म्हणजे दोन पूर्ण आणि तिसऱ्यातला अर्धा. औट म्हणजे चौथा अर्धा. जुन्या जर्मनमध्ये अडीचला ‘ड्रिटेहाल्ब’ म्हणत, तोच हिशोब. दीडला आजही ‘आन्डरटहाल्ब’ म्हणतात, दुसरा अर्धा. म्हणजे ज्या पद्धतीने मी फसले ती आमच्या ओसरीवर पाठ होती, फक्त माझ्यापर्यंत पोहोचली नव्हती. मला तर एकोणसत्तर आणि एकोणऐंशीमध्येही बोटं मोजावी लागतात. जर्मन आकडे आधी एकक म्हणतात, एक-आणि-वीस, पाच-आणि-वीस. एकवीस, पंचवीस ज्याला येतात त्याला हे अवघड का जावं? मला गेलं, कारण मी ट्वेंटी-वन, ट्वेंटी-फाइव्हवर वाढले.

मैत्रिणीने माफ केलं. पुढच्या वेळी वेळ ठरवताना तिने १९:३० असं आकड्यात लिहिलं, एवढंच.

हिवाळ्यात आम्ही दोघींनी व्हिडिओवर एकत्र स्वयंपाक केला. तिने सांगितलेला पदार्थ ‘कार्टोफेलपुफर’. कच्चे बटाटे किसायचे, पाणी घट्ट पिळून काढायचं, कांदा, अंडं, थोडं पीठ, मीठ घालायचं आणि तेलात चपटे तळायचे. सोबत सफरचंद शिजवून केलेला गोड गर. आमच्या घरात अंडं चालत नाही म्हणून मी बेसन घातलं. आजीने एक तुकडा मोडला आणि निकाल दिला, “आलूचं धिरडं हाये हे.” गोड गर तिने बाजूला सारला आणि ठेचा घेतला. मैत्रिणीने पलीकडून विचारलं, श्मेक्ट एस? आजीला न सांगताच कळलं. तिने मान हलवली.

इथे एक शब्द लक्षात आला. पुण्यात बटाटा म्हणतात, आपण आलू. तिकडे बटाटेवडा, इकडे आलूबोंडा. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांनी आणला आणि तो कोकण-घाटावर रुजला, वऱ्हाडात मात्र हिंदीच्या बाजूने आलेला आलू टिकला. कोबी पोर्तुगीजच, तो इथपर्यंत आला आणि आपण त्याला पानकोबी, फुलकोबी केलं. पाव, चावी, बादली, घमेलं, पगार हेही त्यांचेच. आणि गंमत अशी, की ‘बटाटा’ मुळात पोर्तुगीजही नाही, तो कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा शब्द. मिरचीसुद्धा अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजातून आली. म्हणजे कार्टोफेलपुफर हा जर्मन आणि ठेचा हा वऱ्हाडी असं जे आम्ही त्या दिवशी समजत होतो, त्यातला बटाटाही समुद्रापलीकडचा आणि मिरचीही. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मंग आमच्या आधीचे लोकं खात काय होते?” मिरे, म्हटलं. तिला ते फारसं पटलं नाही.

परतफेड म्हणून मी मैत्रिणीला रोडगे सांगितले. बहिरमच्या जत्रेबद्दल सांगितलं, डिसेंबरच्या शेवटी सुरू होऊन महिनाभराच्या वर चालते, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वर तूप. तिच्याकडे गोवऱ्या कुठून येणार? तिने ओव्हनमध्ये भाजले आणि फोटो पाठवला. ब्रेडच्या बाबतीत ते लोक फार मानी. त्यांची ब्रेडसंस्कृती २०१४ साली त्यांच्या देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली आहे. रात्रीच्या जेवणालाच तिथे ‘आबेंटब्रोट’ म्हणतात, संध्याकाळचा ब्रेड. बऱ्याच घरी रात्री चूल पेटतच नाही, ब्रेड, चीज, लोणच्याची काकडी. आजीला हे ऐकून फार वाईट वाटलं. “रात्री थंडं खाऊन निजतात? कोणी करून घालणारं नाई का त्याईले?” तू तिथे गेलीस तर काय खाशील, हा खरा प्रश्न तिने विचारला नाही, पण मला तो ऐकू आला.

हे सगळं चालू असताना मला एक वेगळीच गोष्ट टोचायला लागली. बाहेरून आपल्याकडे आलेली काही माणसं आपली भाषा शिकून आत शिरली. हायडेलबर्ग विद्यापीठाचे ग्युंथर सोन्थायमर हे जर्मन संशोधक खंडोबा-बिरोबाचा शोध घेत वर्षानुवर्षं महाराष्ट्रात येत राहिले, धनगरांमध्ये फिरले, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, आणि १९७६ साली त्यावर जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. आणि आमच्या परतवाड्याच्या मागे जो मेळघाट आहे, तिथल्या कोरकू भाषेचं व्याकरण जॉन ड्रेक नावाच्या मिशनऱ्याने लिहिलं, ते १९०३ साली कलकत्त्याला छापलं गेलं. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता हे उघड आहे. पण व्याकरण लिहायचं तर माणसांसमोर बसून “हे कसं म्हणता?” असं हजार वेळा विचारावं लागतं.

मी एकदाही विचारलं नव्हतं. शाळेत दोन वर्षं माझ्या बाकावर एक कोरकू मुलगी होती. मराठीला जसा दंड तसाच तिच्या भाषेलाही असणार, पण ती कधी बोललीच नाही. आणि सध्या माझी रूम-पार्टनर धारणीकडची आहे. ती घरी फोनवर कोरकूत बोलते. आठ महिने मी कानात इयरफोन घालून जर्मन ऐकत होते आणि हाताच्या अंतरावर एक भाषा चालू होती, जी ना मराठीच्या घरातली, ना जर्मनच्या. तिचे नातलग संथाळी, मुंडारी.

परवा गृहपाठात वाक्य होतं, ‘विर गेएन एसेन’. आपण जेवायला जातो. की आम्ही जेवायला जातो? जर्मनमध्ये ‘विर’ एकच, इंग्रजीत ‘वी’ एकच. मराठीत समोरच्याला धरून ‘आपण’, सोडून ‘आम्ही’. मी मोठ्याने पुटपुटत होते. रूम-पार्टनर पलंगावरून म्हणाली, “दोघी का सगळ्या, ते नाही सांगितलं त्यात?”

मी विचारलं, तुमच्यात कसं म्हणतात? तिने बोटांवर चार सांगितले. तू आणि मी, दोघीच, तर ‘आलाङ’. मी आणि दुसरी कोणी, तुला सोडून, तर ‘आलिङ’. तुला धरून सगळ्या, ‘आबुङ’. तुला सोडून आम्ही बाकीच्या, ‘आले’. मी वहीत ‘विर’च्या समोर पेन्सिलने चारही लिहून घेतले. आबुङ मला तीनदा म्हणावं लागलं, ती हसत होती.

तेवढ्यात मेसची घंटा झाली. तिने ताट उचललं, माझंही माझ्या हातात दिलं, आणि दारात थांबून म्हणाली, “आलाङ.”